पायापासून झडपेपर्यंत

रस्त्यावरचा लाल दिवा लागतो, गाडीचा मालक अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, क्लच दाबतो, आणि इंजिन मंदावण्याऐवजीं उलट मोठ्यानें ओरडूं लागतें. शेजारच्या गाडींतील लोक वळून पाहतात. मालक ओशाळतो, पेडलवर बुटाचें टोंक दोनतीनदां आपटतो, आणि ओरड जशी एकाएकीं सुरू झाली तशीच एकाएकीं थांबते. दिवा हिरवा होतो, गाडी पुढें जाते, आणि घरीं पोंचेपर्यंत ही गोष्ट विसरलीहि जाते. जुन्या मोटारीची हौस बाळगणाऱ्या माणसावर हा प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. त्यानंतर बहुधा जें घडतें तें असें: रविवारीं सकाळीं तो बोनेट उघडतो, कार्ब्युरेटरवरचा दिसेल तो पहिला स्क्रू अर्धा फेरा फिरवितो, आवाज उतरला म्हणून समाधान मानतो, आणि दुसऱ्या दिवशीं थंड इंजिन चौकांत बंद पडलें म्हणजे तोच स्क्रू उलट फिरवितो. महिन्याभरांत त्या कार्ब्युरेटरची मूळची एकहि जुळणी शिल्लक राहत नाहीं. आणि खरा दोष मात्र जेथें होता तेथेंच, बहुतेक वेळां कार्ब्युरेटरच्या बाहेरच, स्वस्थ बसलेला असतो.

पाय आणि इंजिन यांच्यामध्यें पेडल, केबल, दांडे, तरफा व स्प्रिंगा यांची एक लहानशी सांखळी असते. तिला थ्रॉटल-लिंकेज म्हणतात. मराठींत तिला थ्रॉटलची जोडणी म्हणावयास हरकत नाहीं. किंमतीच्या दृष्टीनें गाडीच्या सर्व भागांत ती क्षुल्लक. परंतु गाडी चालकाच्या आज्ञेंत राहणार कीं नाहीं हें तिच्यावर अवलंबून असतें. ब्रेकचें महत्त्व सर्वांस पटतें. ही जोडणी अडकली तर इंजिन त्याच ब्रेकशीं झुंजूं लागतें, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ह्या जोडणींतील दोष शोधण्याची एक साधी व खात्रीची रीति आहे, आणि एखाद्या विशिष्ट गाडीच्या उदाहरणानें ती चांगली समजते.

असें उदाहरण म्हणून एम. जी. बी. ही इंग्लिश गाडी घेण्यासारखी आहे. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवच्या कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती. उघड्या टपाची आणि पुढें १९६५ पासून बंद टपाची, असे तिचे दोन मुख्य प्रकार. दोन्हीं मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या त्या काळांत बाहेर पडल्या. त्यांतील पुष्कळ गाड्या आजहि हौशी लोकांनीं चालत्या ठेवल्या आहेत. तिचें चार सिलिंडरांचें इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचें, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेंतलें आहे. ह्याच मालिकेंतील १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन आपल्याकडील अ‍ॅम्बॅसडर गाडींत अनेक वर्षें बसविलें जात होतें. तेव्हां ज्या मराठी घरानें एम. जी. बी. कधीं पाहिली नसेल, त्या घरालाहि तिच्या इंजिनाचा हा भाऊबंद चांगला ओळखीचा असण्याचा संभव आहे.

एम. जी. बी.च्या बहुतेक गाड्यांना एस. यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. हें नांव 'स्किनर्स युनियन' ह्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलें. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा पादत्राणांचा व्यापार करणाऱ्या घराण्यांतील गृहस्थ. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें ही रचना शोधून काढली, आणि तिच्या पहिल्या नमुन्यांतला हवेच्या ओढीनें हलणारा भाता चक्क चामड्याचा होता. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, व १९२६ सालीं विल्यम मॉरिस ह्या मोटार-कारखानदारानें ती विकत घेतली. चामड्याचा भाता जाऊन त्याच्या जागीं धातूचा पिस्टन आला; मूळ कल्पना मात्र तीच राहिली. इंजिन जसजशी अधिक हवा ओढतें, तसतसा हा पिस्टन आपोआप वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर येते, आणि त्याच प्रमाणांत पेट्रोल हवेंत मिसळतें. चालकाच्या पायाचा ह्या पिस्टनाशीं किंवा सुईशीं प्रत्यक्ष कांहींएक संबंध नसतो. पायानें हलते ती केवळ हवेच्या वाटेंतील एक पितळेची पातळ गोल झडप. ती किती उघडावयाची एवढेंच पाय ठरवितो. बाकीचें काम हवा व पेट्रोल आपसांत उरकून घेतात. म्हणून पायाच्या आज्ञेंत बिघाड झाला असतां पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू फिरविणें हें पोट दुखत असतां चष्मा बदलण्यासारखें आहे.

आतां ही आज्ञा पायापासून झडपेपर्यंत कशी पोंचते तें पाहावें. पेडल वरून टांगलेलें असतें. त्याच्या वरच्या टोंकाच्या खांचेंत केबलच्या पोलादी तारेचें एक टोंक अडकविलेलें असतें. पाय खालीं गेला कीं हें टोंक तार ओढतें. ती तार स्थिर आवरणाच्या नळींतून, चालकाच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतींतून, इंजिनाच्या कप्प्यांत येते, आणि दोन कार्ब्युरेटरांच्या मध्यें असलेल्या आडव्या दांड्यावरील तरफेला एका लहान पकडीनें बांधलेली असते. ह्या दांड्यावर दोन आंखूड हात बोल्टांनीं आवळलेले असतात. प्रत्येक हाताला एक पिन असते, आणि ती पिन त्या त्या कार्ब्युरेटरच्या स्पिंडलवरील दुबेळक्यांत शिरलेली असते. झडप ह्याच स्पिंडलवर बसविलेली असते. तार ओढली गेली कीं दांडा फिरतो, पिना दुबेळक्यांना ढकलतात, आणि दोन्हीं झडपा एकदम उघडतात. पाय उचलला म्हणजे कार्ब्युरेटरांखालच्या उष्णतारोधक पत्र्याला अडकविलेल्या स्प्रिंगा त्यांना परत मिटवितात. पाय झडप फक्त उघडतो. मिटविणें हें सर्वस्वीं स्प्रिंगांचें काम आहे, हें येथें विसरूं नये.

दोष शोधण्यापूर्वीं एक गोष्ट प्रत्येक चालकानें पाठ करून ठेवावी. धांवत्या गाडींत पेडल किंवा झडप उघडी अडकली, तर पहिल्यानें क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपासून तुटतो. इंजिन मोठ्यानें ओरडेल, ओरडूं द्यावें. नंतर किल्ली एकच टप्पा मागें फिरवून इग्निशन बंद करावें. किल्ली पार फिरवूं नये व काढूं तर मुळींच नये, कारण कांहीं गाड्यांत त्यामुळें स्टिअरिंगला कुलूप लागतें. ब्रेक एकदांच दाबावा व घट्ट दाबून धरावा. ज्या गाड्यांचे ब्रेक इंजिनाच्या हवा-ओढीची मदत घेतात, त्यांत झडप उघडी असतां ही ओढ जवळजवळ नाहींशी होते. पुन्हां पुन्हां ब्रेक मारल्यास शिल्लक मदतहि संपते. गाडी बाजूला थांबल्यावर पेडलमध्यें हात घालावा. चालतां चालतां वांकून पेडल ओढण्याचा मोह टाळावा. ही भीति काल्पनिक नव्हे. २००९ सालीं अमेरिकेंत टोयोटा कंपनीनें आपल्या लक्षावधी गाड्या परत बोलाविल्या, त्या पायाखालच्या चटईंत अ‍ॅक्सिलरेटर अडकण्याच्या धोक्यामुळें. नव्या गाड्यांची ही कथा. मग चाळीस-पन्नास वर्षें वापरलेल्या जुन्या गाडीविषयीं सांगावयासच नको.

दोष शोधण्याचा नियम एकच आहे, आणि तो असा: पायापासून आरंभ करावा, झडपेकडे जावें, वाटेंतला एकेक सांधा सोडवीत जावें, आणि प्रत्येक सांधा सोडविल्यावर तक्रार राहिली कीं गेली तें पाहावें. जो सांधा सोडवितांच तक्रार जाते, त्याच्या पायाकडील बाजूला दोष असतो; सांधा सोडवूनहि तक्रार राहिली, तर दोष झडपेच्या बाजूला. स्क्रूंना हात लावावयाचा तो सर्वांत शेवटीं. कारण स्क्रू हा जुळणी करण्यासाठीं असतो. दोष झांकण्यासाठीं नसतो.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करावयाची असते व तिला दोन माणसें लागतात. घरांतला मुलगा चालकाच्या जागीं बसतो, वडील बोनेटखालीं डोकें घालतात. "हळूहळू दाब. आतां पूर्ण दाबलेंस का?" "पूर्ण दाबलं, बाबा." "आतां एकदम सोड." एवढ्या संभाषणांत निम्म्या दोषांचा छडा लागतो. पेडल तळाला टेकलें असतां कार्ब्युरेटरवरच्या तरफा पूर्ण उघड्या स्थितीला पोंचल्या पाहिजेत. सोडतांच त्या एका झटक्यांत मागें येऊन आपल्या थांब्यावर टिचकी मारल्यासारख्या बसल्या पाहिजेत. त्या वाटेंत रेंगाळल्या, किंवा एक आधीं व दुसरी मागाहून आली, कीं दोष प्रत्यक्ष डोळ्यांना दिसला असें समजावें. ही परीक्षा थंड इंजिनावर एकदां आणि इंजिन तापल्यावर पुन्हां एकदां करावी. कारण कांहीं अडथळे धातु तापून फुगल्यावरच प्रकट होतात.

आरंभ पेडलपासून. जुन्या गाडींत नवा गालिचा घातला म्हणजे त्याची जाडी पूर्वीपेक्षां अधिक असते. पेडलची कड त्यांत रुतते व तेथेंच राहते. उलट पक्षीं त्याच गालिच्यामुळें पेडल पुरतें खालीं जात नाहीं, झडप पूर्ण उघडत नाहीं, आणि चढावर गाडी ओढत नाहीं म्हणून मालक वाल्व घांसून घेण्याच्या खर्चांत पडतो. पेडलच्या बिजागरीच्या पिनेला गंज चढला असेल, तर ती काढून स्वच्छ करून तिला ग्रीस द्यावें. पेडलच्या खालीं पक्का थांबा आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. तो नसला, तर उत्साही पायाचा सगळा भार केबलवर व स्पिंडलांवर पडतो. तार ताणली जाते, आणि तरफा आपल्या जागेवरून सरकतात.

त्यानंतर केबल. कार्ब्युरेटरांकडील पकड सैल करून तार तरफेपासून मोकळी करावी व इंजिन सुरू करावें. तार सुटतांच चढलेला आवाज उतरला, तर कार्ब्युरेटर निर्दोष आहेत. केबल आंखूड बांधली गेली आहे किंवा ती आवरणांत अडकते आहे. मोकळी तार बोटांनीं पुढेंमागें ओढून पाहिली म्हणजे तिचा खरखरीतपणा लगेच कळतो. पकडीपाशीं किंवा पेडलच्या खांचेपाशीं तारेचे बारीक पदर एकेक करून तुटतात; तुटलेला पदर सुईसारखा उभा राहतो व आवरणाच्या तोंडांत रुततो. अशी केबल दुरुस्त करण्याच्या भानगडींत पडूं नये, ती बदलावी. एम. जी. बी.च्या इंजिनांत कार्ब्युरेटर आणि धुराड्याची नळी हीं एकाच बाजूला, एकावर एक असतात; तेव्हां केबलचें आवरण तापलेल्या नळीला टेकून वितळलें नाहीं ना, हेंहि पाहणें अगत्याचें. केबलचा मार्ग मोठ्या व सौम्य वळणाचा असावा. जेथें कोपरासारखें वळण, तेथें घर्षण ठरलेलें. आवरण आंतून साध्या पोलादाचें असल्यास पातळ तेलाचे दोनचार थेंब द्यावे. नायलॉनचा अस्तर असलेली केबल कोरडीच बरी. शेवटीं तार बांधतांना पेडल वर असतां तिच्यांत दीड-दोन मिलिमीटरांचा ढिलेपणा ठेवावा. इंजिन रबराच्या उशांवर बसलेलें असल्यानें जोर लागतांच तें किंचित् डोलतें. तार ताठ बांधली असेल तर त्या डोलण्यानेंच झडप उघडते, व गाडी पहिल्या गिअरमध्यें बेडकासारख्या उड्या मारीत निघते. पुष्कळ ठिकाणीं ह्या उड्यांचा दोष क्लचवर ढकलला जातो.

केबल सोडवूनहि तक्रार राहिली, तर दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांड्यावरील हातांचे बोल्ट सैल करावे, म्हणजे दोन्हीं कार्ब्युरेटर एकमेकांपासून स्वतंत्र होतात. ही ह्या सर्व तपासणींतली सर्वांत बोलकी पायरी आहे. बोल्ट सैल होतांच इंजिन मंदावलें, तर दोन कार्ब्युरेटरांपैकीं एक दुसऱ्याला उघडें धरून बसला होता, असा त्याचा अर्थ. पिना दुबेळक्यांत दाबून बसलेल्या असल्या, किंवा दांडा वांकलेला असला, म्हणजे असें होतें. वर वर दोन्हीं स्क्रू बरोबर दिसतात. पण एका झडपेला मिटावयास स्वातंत्र्यच नसतें.

आतां प्रत्येक कार्ब्युरेटर वेगवेगळा तपासतां येतो. स्पिंडल बोटांनीं फिरवून सोडावें. तें सहज फिरून मागें आलें पाहिजे. स्पिंडलाचें टोंक धरून वरखालीं हलवून पाहावें. येथें डुगडुग जाणवली, तर स्पिंडल व त्याची बैठक झिजली आहेत. त्या फटींतून हवा आंत शिरते, आणि झडप मिटलेली असतांहि इंजिनाला नको असलेली हवा मिळत राहते. ह्यावर खरा उपाय एकच: कार्ब्युरेटर उतरवून बैठकींत नवे बुश बसवून नवें स्पिंडल घालणें. झडपेची चकती स्पिंडलाला दोन बारीक स्क्रूंनीं बसविलेली असते. ती मध्यावर न बसतां एका बाजूला सरकली, तर तिची कड हवेच्या वाटेंतील भिंतीला घांसते व मिटतांना तेथेंच चिकटते. स्क्रू थोडे सैल करावे, चकती एकदां पूर्ण मिटूं द्यावी म्हणजे ती आपली जागा आपण शोधते, आणि मग ते आवळावे. ह्या स्क्रूंचीं चिरलेलीं टोंकें आवळल्यावर पुन्हां फांकविलीं पाहिजेत. नाहींतर एखादा स्क्रू सुटून थेट इंजिनाच्या पोटांत जातो, आणि मग लहान दोषाचें मोठें बिल होतें.

स्प्रिंगांविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. झडप मिटत नाहीं म्हणून जाड व राठ स्प्रिंग बसविण्याकडे पुष्कळांचा कल असतो. त्यानें दोष तात्पुरता दबतो. पण पेडल जड होतें, आणि ती स्प्रिंग स्पिंडलाला एकाच बाजूनें ओढीत राहिल्यामुळें झीज दुपटीनें वाढते. निरोगी जोडणीला हलकी स्प्रिंग पुरते. प्रत्येक कार्ब्युरेटरला स्वतःची स्प्रिंग असण्याचें कारणहि समजून घ्यावें: मधला एखादा हात किंवा पकड सुटली तरी दोन्हीं झडपांनीं आपापल्या परीनें मिटावें, ही त्यांतली योजना आहे. म्हणून एक स्प्रिंग तुटली असतां दुसरीवर काम भागवूं नये.

चोकलाहि ह्या चौकशींतून वगळतां येत नाहीं. थंड इंजिनासाठीं चोकची मूठ ओढली म्हणजे एस. यू. कार्ब्युरेटरांत जेट खालीं उतरतें व मिश्रण दाट होतें. त्याबरोबरच एक वाटोळी आडकळ फिरते व एका निराळ्या स्क्रूच्या द्वारें झडप किंचित् उघडून धरते. मूठ पूर्ण आंत ढकलल्यावर ह्या स्क्रूमध्यें व आडकळींत थोडी फट दिसली पाहिजे. चोकची तार गंजून अर्ध्यावर थांबली, तर मालकाला वाटतें चोक बंद आहे, आणि इंजिन मात्र दिवसभर थंडीच्या तयारींत चालतें: आवाज चढलेला, पेट्रोल भरपूर जळणारें, आणि धूर काळा.

एवढें सगळें होऊनहि आवाज उतरत नसेल, तर दोन्हीं कार्ब्युरेटरांचे आवाज ठरविणारे स्क्रू इतके सैल करावे, कीं ते झडपेच्या तरफेला मुळींच टेकूं नयेत. आतां झडपा पूर्ण मिटल्या. इंजिन बंद पडलें पाहिजे. तें खुशाल चालत राहिलें, तर हवा दुसऱ्या कोठून तरी आंत शिरते आहे हें सिद्ध झालें. झिजलेलीं स्पिंडलें, कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील फाटके गॅस्केट, किंवा ब्रेकच्या मदतीसाठीं गेलेली फुटकी रबरी नळी, हे तिघे मुख्य संशयित. पुढच्या काळांतल्या कांहीं एस. यू. कार्ब्युरेटरांत झडपेच्या चकतींतच स्प्रिंगेची एक लहानशी झडप बसविलेली असते. उतारावर पाय उचलला असतां थोडी हवा आंत जावी, हा तिचा हेतु. पण स्प्रिंग थकली कीं ती सदैव उघडी राहते, आणि मोठी झडप मिटूनहि न मिटल्यासारखी होते. गळती शोधण्यासाठीं पेट पडणारा द्रव फवारण्याची एक रीत आहे. पण ह्या इंजिनांत खालींच धुराड्याची तप्त नळी असल्यामुळें ती धोक्याची आहे. हातभर रबरी नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें संशयित जागेपाशीं धरलें, तर आंत शिरणाऱ्या हवेचा फुसफुसाट स्पष्ट ऐकूं येतो.

एक तक्रार मात्र जोडणीसारखी भासून जोडणीची नसते. पाय उचलल्यावर झडप झटकन मिटते, परंतु इंजिन सावकाश उतरतें. अशा वेळीं डिस्ट्रिब्यूटरकडे पाहावें. ठिणगीची वेळ वेगाप्रमाणें पुढेंमागें करणारीं वजनें त्याच्या आंत असतात. त्यांच्या बारीक स्प्रिंगा ढिल्या पडल्या किंवा वजनें गंजून अडकलीं, तर ठिणगी लवकर पडत राहते व इंजिन मंदावत नाहीं. डोळ्यांनीं झडप मिटलेली पाहिल्यावर हा संशय घ्यावा; त्यापूर्वीं घेऊं नये.

दोष सांपडून दूर झाला म्हणजे मग स्क्रूंची पाळी येते. दोन्हीं कार्ब्युरेटर अजून स्वतंत्र आहेत, तोंच ही जुळणी करावयाची. एअर फिल्टर काढून तीच रबरी नळी आळीपाळीनें दोन्हीं तोंडांशीं धरावी, आणि आंत जाणाऱ्या हवेचा फुसफुसाट दोन्हींकडे सारखा येईपर्यंत स्क्रू थोडे थोडे फिरवावे. ह्या इंजिनांत एकेक कार्ब्युरेटर मुख्यतः दोन दोन सिलिंडरांना पुरवठा करतो. म्हणून दोघांनीं समान हवा घेणें हाच इंजिनाच्या गुळगुळीत चालण्याचा पाया आहे. त्यानंतर मधल्या दांड्यावरचे हात आवळावयाचे, ते अशा बेतानें, कीं पेडल वर असतां पिना दुबेळक्यांना टेकूं नयेत; मध्यें इंचाच्या बारा सहस्रांशाइतकी, म्हणजे सुमारें ०·३ मिलिमीटर, फट राहावी, आणि ती दोन्हींकडे सारखी असावी. ह्या फटीमुळें झडपा आपापल्या थांब्यावर निर्वेध मिटतात; आणि ती सारखी असल्यामुळें पाय पडतांच दोघी एकाच क्षणीं उघडूं लागतात. फट कमीजास्त झाली, तर उभ्या गाडींत इंजिन सुरेख चालतें व पाय लावतांच अडखळतें. शेवटीं केबल बांधावी, मुलाला पुन्हां चालकाच्या जागीं बसवावें, आणि पहिली परीक्षा पुन्हां घ्यावी. बोनेट मिटण्यापूर्वीं पेडल दहावीस वेळां दाबून सोडून पाहणें हा वेळेचा अपव्यय नव्हे.

ही सर्व हकीकत एका इंग्लिश गाडीची असली, तरी तिचा बोध तिच्यापुरता नाहीं. अ‍ॅम्बॅसडर २०१४ सालीं बनावयाची थांबली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचा काळ २०२३ सालीं संपला. ह्या गाड्या आतां ज्यांच्या घरीं आहेत, त्यांनीं त्या हौसेनें व ममतेनें राखल्या आहेत. त्यांत कार्ब्युरेटर एकच, कोठें केबलच्या जागीं दांडे, कोठें दांड्यांच्या टोंकांना गोळीचे सांधे. पण पायापासून झडपेपर्यंतचा रस्ता तोच, आणि तो चालून पाहण्याची रीतहि तीच. गोळीचा सांधा झिजला तर तो बदलावा. तारेचा तुकडा गुंडाळून त्याला आवळूं नये. अनेक गाड्यांचे अनेक मालक झाले, आणि प्रत्येकानें आपल्या परीनें एकेक स्क्रू फिरवून ठेवला. आजच्या मालकाच्या वांट्याला गाडीबरोबर हे सगळे फिरविलेले स्क्रूहि आलेले असतात.

जुन्या यंत्राचा एक मोठा गुण असा, कीं तें कांहीं लपवून ठेवीत नाहीं. नव्या गाडींत पेडल आणि झडप यांच्यामध्यें विजेच्या तारा व संगणक असतात. तेथें काय बिघडलें हें सांगावयास दुसरें यंत्र लागतें. जुन्या गाडींत दांडा डोळ्यांना दिसतो, तार बोटांना लागते, हवा कानाला ऐकूं येते. मालकानें फक्त क्रमानें पाहिलें पाहिजे, आणि कारण सांपडेपर्यंत उपाय करण्याची घाई आवरली पाहिजे. लाल दिव्यापाशीं इंजिन ज्या दिवशीं प्रथम ओरडलें, तो इशारा होता. त्याच रविवारीं पायापासून झडपेपर्यंतचा तो हातभर रस्ता तपासला, तर पुढें एखाद्या घाटाच्या उतारावर, गाडींत मुलेंमाणसें असतांना, तोच इशारा पुन्हां मिळण्याची वेळ येत नाहीं.